नूरजहान : कादंबरीतली आणि इतिहासातली

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. टिपणे, मसुदे आणि स्मरणपत्रे लिहिण्यात ज्याची उमेद खर्ची पडली त्याच्या लेखणीला ललित वळण कोठून असणार? इतिहास हा आमचा बी. ए. चा विषय होता, एवढेच काय ते भांडवल. परंतु विषय आयताच चालून आला, तो आपल्या मंडळाच्या ग्रंथालयामुळे. ऐतिहासिक कादंबऱ्यांचे कपाट हे आपल्या ग्रंथालयातील सर्वांत झिजलेले कपाट होय. मुलूख सोडून दूर राहणाऱ्या मराठी माणसाला इतिहासाची तहान अंमळ अधिकच लागते, असा आमचा अनुभव आहे. त्या कपाटातील नूरजहानच्या प्रेमजीवनावरची एक कादंबरी मध्यंतरी घरोघर फिरली आणि कोजागरीच्या रात्री, गच्चीवर दूध आटत असताना, तिच्यावरून भगिनी वर्गात मोठा वाद रंगला. जहांगीराने तिच्या पहिल्या नवऱ्याला मारविले की नाही? तिचे जहांगीरावर खरोखर प्रेम होते, की सिंहासनावर? एका बाजूने आमच्या सौभाग्यवती तावातावाने बोलत होत्या. शेवटी निवाडा आमच्याकडे आला, कारण आमची तीन वर्षे आग्र्यास बदलीवर गेली होती. त्या रात्री आम्ही वेळ मारून नेली. आज तो निवाडा लिहून देत आहोत.

कादंबरीतली नूरजहान सर्वांच्या परिचयाची आहे. मीनाबाजारात शहजादा सलीम दोन कबुतरे एका लहानग्या मुलीच्या हाती देतो. परत येतो तो एक कबूतर उडालेले असते. कसे उडाले, असे विचारताच ती हातातले दुसरेही सोडून देते, आणि त्याच क्षणी शहजाद्याचे काळीज तिच्यामागे उडून जाते. अकबर बादशहा आड येतो, मुलीचे लग्न दुसऱ्याशी लावून देतो. सलीम तख्तावर बसताच त्या नवऱ्याचा काटा काढतो आणि अखेर तिला मिळवितो. या कथेवर दीडदोनशे वर्षे लेखण्या चालल्या. टॉमस मूर या आयरिश कवीने १८१७ साली आपल्या लल्ला रूख या काव्यात तिला आणले. बंगालीत द्विजेंद्रलाल राय यांनी १९०८ साली तिच्यावर नाटक लिहिले. आणि आपल्या आजोबांच्या पिढीने १९३९ साली सोहराब मोदींचा पुकार पाहिला. त्यात नसीम बानू नूरजहान झाली होती आणि जहांगीर झाला होता प्रभातच्या अमृतमंथनाने नावारूपास आलेला चंद्रमोहन. धोबिणीच्या नवऱ्याला बाण लागल्याची आणि न्यायप्रिय बादशहाची ती कथा इतकी ठसली की पुष्कळांना तोच इतिहास वाटतो. तो इतिहास नव्हे. खऱ्या नूरजहानचे आयुष्य याहून कठीण होते, आणि आमच्या मते याहून अधिक वाचनीय आहे.

ते आयुष्य सुरू होते एका स्थलांतरात. इराणातील मिर्झा घियास बेग हा चांगल्या घराण्यातला गृहस्थ. त्याचा बाप इराणच्या शहाच्या सेवेत मोठ्या हुद्द्यावर होता. बाप वारला आणि घराचे दिवस पालटले. तेव्हा घियास बेगाने गरोदर पत्नी असमत बेगम आणि मुले यांना घेऊन हिंदुस्थानची वाट धरली. वाटेत लुटारूंनी गाठले; उरली ती दोन खेचरे, आणि त्यांवर आळीपाळीने बसून कुटुंबाने मजल मारली, असे सांगतात. अशा अवस्थेत कंदाहार येथे १५७७ साली मुलगी झाली. तिचे नाव ठेवले मेहेरुन्निसा. आईबापांनी तिला रस्त्यातच टाकून दिले आणि मग माया अनावर होऊन परत उचलले, ही हकीकत पुढच्या लेखकांनी रंगविली. तिच्यात तथ्य किती ते असो. पण त्या मुलीचा जन्म परमुलुखाच्या वाटेवर झाला, हे मात्र निर्विवाद होय. ज्या काफिल्याबरोबर हे कुटुंब आले त्याचा प्रमुख मलिक मसूद याची अकबराच्या दरबारी ओळख होती. त्याने घियास बेगाला फत्तेपूर शिक्री येथे बादशहापुढे उभे केले आणि त्याला चाकरी मिळाली.

येथे आम्हां नोकरदारांना जवळची वाटावी अशी एक गोष्ट आहे. घियास बेग तलवारबहाद्दर नव्हता. तो हिशेबाचा, अक्षराचा आणि गोड जिभेचा माणूस होता. दप्तरातला माणूस जसा पायरीपायरीने चढतो तसा तो चढला. १५९५ साली काबूलचा दिवाण झाला, पुढे बादशाही कारखान्यांचा कारभार त्याच्याकडे आला आणि जहांगीर १६०५ साली तख्तावर बसला तेव्हा त्याला इतिमाद-उद्-दौला, म्हणजे राज्याचा विश्वासस्तंभ, हा किताब मिळाला. ओळखीचा एक माणूस, हाताशी कला आणि अपार चिकाटी, एवढ्या शिदोरीवर परक्या राज्यात घर उभे राहते, याचे हे साडेचारशे वर्षांपूर्वीचे उदाहरण होय. आपल्या मंडळाच्या संस्थापकांपैकी कित्येकांची कथा याहून निराळी नव्हती. त्यांच्या वाट्याला फक्त बादशहा आला नाही!

मेहेरुन्निसा सतरा वर्षांची झाली तेव्हा, १५९४ साली, तिचे लग्न अली कुली बेग याच्याशी झाले. हाही इराणी, हाही स्थलांतरित. इराणच्या शहाच्या पंक्तीची व्यवस्था पाहणारा नोकर असलेला हा इसम तेथील राज्यक्रांतीनंतर पळून मुलतानास आला आणि खानखानान अब्दुल रहीम याच्या हाताखाली सिंधच्या मोहिमेत लढला. पुढे तो शहजादा सलीमाच्या तैनातीत गेला. त्याच्या शौर्यावर खूश होऊन शेर अफगन, म्हणजे वाघाला लोळविणारा, ही पदवी त्याला देणारा खुद्द सलीमच. गादीवर येताच त्याने शेर अफगनला बंगालमध्ये बर्दवानला जहागीर देऊन पाठविले. तेथे या जोडप्याची मुलगी लहानाची मोठी होऊ लागली. तिचे नाव लाडली. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे. पुढच्या साऱ्या कथेची किल्ली त्या नावात आहे.

१६०७ साल या घराला काळरात्रीसारखे आले. शेर अफगनच्या वर्तनाविषयी दरबारात संशय निर्माण झाला होता. बंगालचा सुभेदार कुत्बुद्दीनखान हा जहांगीराचा दूधभाऊ. तो बर्दवानला गेला. शेर अफगन भेटीस आला आणि सुभेदाराच्या माणसांनी आपल्याला घेरलेले पाहताच त्याने तलवार उपसली. कुत्बुद्दीनखान ठार झाला आणि त्याच्या माणसांनी शेर अफगनचे तुकडे केले. त्याच वर्षी मेहेरुन्निसाचा एक भाऊ, महंमद शरीफ, शहजादा खुस्रौच्या कटात सापडून देहान्त शिक्षेस पात्र ठरला आणि तिच्या वडिलांनाही अटक झाली. दोन लाख रुपये दंड भरल्यावर त्यांची सुटका झाली. तिशीतली बाई, पदरात लहान मुलगी, नवरा राजद्रोही म्हणून मेलेला, भाऊ फासावर, बाप कलंकित. अशा स्थितीत तिला आग्र्यास आणले गेले आणि अकबराची वृद्ध बेगम रुकय्या हिच्या सेवेत तिची सोय लागली.

आता कोजागरीच्या वादाकडे वळू. जहांगीराने तिच्यासाठी शेर अफगनला मारविले काय? हा प्रवाद जुना आहे. द लाएत या डच लेखकाने १६३१ साली, म्हणजे जहांगीराच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी, असे लिहून ठेवले की बादशहाचे तिच्यावर अकबराच्या हयातीपासून मन होते. पण जहांगीराच्या समकालीन फारसी इतिहासकारांत याचा मागमूस नाही. अलाहाबादचे डॉ. बेनीप्रसाद यांनी १९२२ साली जहांगीराचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी या कथेची साधार उलटतपासणी केली आहे. आमच्या अल्प बुद्धीला त्यांचा पक्ष पटतो. सलीमाचे मन जडले म्हणून अकबराने मुलीचे लग्न घाईने लावले असते, तर तिच्या नवऱ्याला सलीमाच्याच पदरी कशाला ठेवले असते? सलीमाने त्याला पदवी आणि जहागीर का दिली असती? आणि सर्वांत मोठा मुद्दा असा की शेर अफगन मेला १६०७ साली आणि लग्न झाले १६११ साली. ज्याने एका स्त्रीसाठी खून पाडला तो सर्वसत्ताधीश ती हाताशी आल्यावर चार वर्षे थांबला, हे मानवी स्वभावाला धरून दिसत नाही. आमच्या सौभाग्यवतींचा पक्ष येथे दुबळा पडतो, हे आम्ही भीत भीत नमूद करतो.

१६११ च्या नवरोजच्या उत्सवात जहांगीराने तिला पाहिले आणि २५ मे रोजी लग्न झाले. तेव्हा तिला चौतिसावे वर्ष चालू होते आणि बादशहा एक्केचाळीस वर्षांचा होता. कादंबरीकारांना अडचणीची वाटणारी हीच गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. ही पहिल्या प्रेमाची कहाणी नाही. दोघांनीही आयुष्य पाहिले होते. तिने घर मोडलेले पाहिले होते; त्याने बापाविरुद्ध बंड केले होते आणि मुलाचे बंड मोडून काढले होते. तिला आधी नूरमहल आणि १६१६ साली नूरजहान, जगाचा प्रकाश, हा किताब मिळाला.

प्रेम होते की नव्हते, याचा पुरावा कोठे शोधावा? जहांगीराने स्वतःच्या हाताने लिहिलेले आत्मचरित्र उपलब्ध आहे. त्यात या लग्नाचा साधा उल्लेखही नाही. नूरजहानचे नाव प्रथम येते ते १६१४ च्या हकीकतीत, आणि तेही कसे? बादशहा अजमेरला आजारी पडला. राज्यात घबराट पसरू नये म्हणून त्याने ताप सर्वांपासून लपवून ठेवला. सांगितला तो फक्त नूरजहानला, कारण तिच्याइतकी माया करणारे दुसरे कोणी नाही असे त्याला वाटत होते. दुखणे बरे झाल्यावर त्याने ख्वाजा मुइनुद्दीन चिश्तींच्या श्रद्धेपोटी कान टोचून घेतले. हजारो सरदार, शेकडो स्त्रिया आणि हकिमांची फौज असलेल्या माणसाने अंगातला ताप एकीलाच सांगावा, याहून प्रेमाचा निराळा दाखला आम्हांला तरी हवा वाटत नाही.

जहांगीराचे व्यसन सर्वश्रुत आहे. ऐन तारुण्यात तो दिवसाकाठी दोनदा गाळलेल्या दारूचे वीस प्याले घेत असे, आणि हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. वर अफू. १६२१ साली त्याचा दमा बळावला, हकिमांनी हात टेकले. तेव्हा नूरजहानने शुश्रूषा हाती घेतली, प्याले हळूहळू कमी केले, पथ्य सांभाळले. बादशहाला उतार पडला तेव्हा त्याच्या तुलेचा उत्सव तिने आपल्या देखरेखीखाली थाटाने साजरा केला. हकिमांच्या औषधापेक्षा तिच्या युक्तीचा आणि अनुभवाचा गुण अधिक आला, अशी कबुली त्याने दिली आहे. दारूड्या नवऱ्याचा प्याला न भांडता खाली आणणे हे काय काम आहे, ते ज्या घरांनी भोगले आहे त्यांनाच कळेल. मीनाबाजारातल्या कबुतरापेक्षा हा कमी केलेला प्याला आम्हांला अधिक शृंगारिक वाटतो, असे म्हटले तर तरुण वाचकांनी हसू नये.

मात्र ती केवळ शुश्रूषा करणारी गृहिणी नव्हती. १६१७ साली मांडूजवळ हत्तीच्या हौद्यातून तिने सहा गोळ्यांत चार वाघ पाडले. जहांगीराने हजार अशर्फ्या उधळल्या आणि एक लाख रुपयांचे दागिने तिला दिले. पुढे मथुरेजवळ तिने एकाच गोळीत वाघ मारला. ती झरोक्यात बसे, सरदार मुजरा करीत, तिच्या नावाची आज्ञापत्रे निघत आणि १६२३-२४ पासून तिचे नाव बादशहाच्या नावाबरोबर नाण्यांवर आले. मशिदीतला खुतबा तेवढा तिच्या नावे वाचला गेला नाही. तिची स्वतःची जहाजे आणि व्यापार होता. आग्र्यासमोर यमुनेपलीकडे येणाऱ्या मालावर तिचे अधिकारी जकात घेत. पंजाबात जालंदरजवळ तिने बांधविलेली नूरमहलची सराई अद्याप उभी आहे. अनाथ मुलींची लग्ने तिने शेकड्यांनी लावून दिली, असे मोतमदखान हा दरबारी इतिहासकार सांगतो.

जे तिचे नव्हे ते तिच्या पदरात घालू नये, हेही ओघाने सांगितले पाहिजे. गुलाबाचे अत्तर नूरजहानने शोधले असे आपण लहानपणापासून ऐकतो. जहांगीर त्याचे श्रेय तिच्या आईला, असमत बेगमला देतो. राशिचक्राची प्रसिद्ध नाणी तिने एका दिवसाच्या राज्यात पाडली, हीही दंतकथाच. ती कल्पना खुद्द जहांगीराची होती आणि १६१८ साली अमलात आली. तिचा बाप वजीर, भाऊ आसफखान सरदार, भाची अर्जुमंद बानू, म्हणजे पुढची मुमताजमहल, १६१२ पासून शहजादा खुर्रमची बेगम, आणि मध्यभागी नूरजहान, अशी चौकडी राज्य चालवीत होती, असे बेनीप्रसाद म्हणतात. पुढे केंद्रीय शिक्षणमंत्री झालेले प्रा. नुरुल हसन यांनी १९५८ साली दरबारातील नेमणुकांची छाननी करून अशी बांधीव चौकडी दिसत नाही, असे दाखविले. चौकडी असो वा नसो, १६१७ साली दक्षिणेत मलिक अंबरकडून तह मान्य करवून खुर्रम मांडूस परतला, त्याला शहाजहान हा किताब मिळाला, तेव्हा नूरजहानने त्याच्या सन्मानार्थ तीन लाख रुपये खर्चून मेजवानी दिली. मावळतीच्या आधीचे ते ऊन होते.

कारण लाडली आता उपवर झाली होती. शहाजहानची बेगम ही नूरजहानची भाची. तिचे आसन हलणारे नव्हते. बादशहा थकत चालला होता. त्याच्या मागे शहाजहान तख्तावर येणार आणि आपली व आपल्या मुलीची गती काय होणार, हा प्रश्न त्या मातेला पडला असल्यास नवल नाही. ज्या बाईने एका वर्षात नवरा, भाऊ आणि घराची अब्रू गमावली होती तिला परावलंबनाची धास्ती इतरांहून अधिक असणार. तिने १६२१ साली लाडलीचे लग्न बादशहाचा धाकटा मुलगा शहरयार याच्याशी लावून दिले. तो कर्तृत्वहीन होता. लोक त्याला नाकर्ता म्हणूनच ओळखत. त्याच सुमारास तिची आई आणि पाठोपाठ, जानेवारी १६२२ मध्ये, तिचे वडील वारले. तिला आवरणारे, सबुरीचा सल्ला देणारे दोन्ही हात एका हिवाळ्यात गेले. जहांगीराने सासऱ्याची सर्व मालमत्ता, तिच्या भावाला वगळून, तिला दिली आणि तिचे नगारे बादशहाच्या नगाऱ्यांमागोमाग वाजावे असा हुकूम काढला.

त्याच १६२२ मध्ये इराणच्या शहा अब्बासने कंदाहार घेतले. ज्या गावी ती जन्मली तेच गाव तिच्या संसारात फूट पाडण्यास निमित्त झाले. कंदाहारवर जाण्याचा हुकूम शहाजहानला झाला. त्याने पावसाळा संपेपर्यंत मांडूस थांबण्याची सबब सांगितली. त्याने मागितलेला धोलपूरचा परगणा शहरयारला दिला गेला आणि दोघांच्या माणसांत चकमक उडाली. शहाजहानने बंड पुकारले. ते बंड तीन वर्षांहून अधिक काळ साम्राज्यभर धुमसले: बलोचपूर, मांडू, बऱ्हाणपूर, गोवळकोंडा, ओरिसा, बंगाल आणि फिरून दक्षिण. कालचा शत्रू मलिक अंबर त्याचा आज दोस्त झाला. याच काळात, १६२४ साली, अहमदनगरजवळ भातवडी येथे मलिक अंबर आणि शहाजी राजे भोसले यांनी मोगल व विजापूरकर यांच्या संयुक्त फौजेचा मोड केला. दिल्ली-आग्र्याच्या जनानखान्यातील लग्नाचे धागे आपल्या मुलखापर्यंत असे येऊन पोचतात. १६२६ साली शहाजहान शरण आला. दारा आणि औरंगजेब ही मुले त्याने ओलीस म्हणून दरबारी पाठविली. आठ वर्षांचा औरंगजेब काही काळ नूरजहानच्या ताब्यात होता, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल?

नूरजहानच्या धैर्याची खरी कसोटी त्याच वर्षी लागली. शहाजहानला नमविणारा सेनापती महाबतखान हा तिला डोईजड वाटू लागला. त्याच्यावर हिशेबाचे शुक्लकाष्ठ लागले. बादशहा काबूलकडे निघाला असता झेलमच्या काठी, सैन्य पूल ओलांडून गेलेले पाहून, महाबतखानाने चारपाच हजार राजपुतांनिशी खुद्द बादशहालाच ताब्यात घेतले. नूरजहान वेष पालटून नदीपार निसटली. तेथे तिने आसफखानासह सर्व सरदारांची कडक शब्दांत हजेरी घेतली आणि दुसऱ्या दिवशी हत्तीवर बसून नदीत घातले. हौद्यात तिच्याजवळ लाडलीची तान्ही मुलगी आणि दाई होती. दाईच्या दंडात बाण रुतला. उतार चुकला, पाणी खोल, समोरून बाणांचा वर्षाव. हत्ती जखमी होऊन पोहत माघारी आला. सैन्य उधळले. भाऊ आसफखान अटकेकडे पळाला. ती पळू शकत होती. तिने उलट वाट धरली: नदी ओलांडून स्वतः कैद पत्करली आणि नवऱ्याजवळ जाऊन राहिली. मग सबुरीने, एकेक माणूस फोडीत, काही महिन्यांनी काबूलहून परतताना त्याच झेलमच्या काठी तिने बादशहाला सोडविले. कोजागरीला विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही येथे देतो. नुसते सिंहासन हवे असते तर लाहोर गाठून शहरयारला तख्तावर बसविण्याचा डाव ती खेळू शकली असती. ती कैदेत गेली, कारण कैदेत तो होता.

ऑक्टोबर १६२७ च्या अखेरीस काश्मीरहून परतताना जहांगीर वाटेतच वारला. नूरजहानचे राज्य त्या घटकेला संपले. सख्ख्या भावाने तिला पहाऱ्यात ठेवले. आसफखान शहाजहानचा सासरा. त्याने आपल्या लेकीचे हित पाहिले, जसे तिने आपल्या लेकीचे पाहिले होते. त्याने खुस्रौच्या मुलाला नावापुरते तख्तावर बसविले आणि बनारसी नावाच्या जासुदाला आपली अंगठी देऊन दक्षिणेत दौडविले. तो विसेक दिवसांत पोचला तो कोठे? आपल्या जुन्नरला! शहाजहान तेव्हा जुन्नरास होता. मोगलांचे तख्त पालटल्याची वार्ता ज्या गावी आली, त्याच गावाच्या माथ्यावरील शिवनेरीवर सव्वादोन वर्षांनी शिवरायांचा जन्म झाला. इतिहासाला अशी गावे निवडण्याची खोड आहे. लाहोरला शहरयारचा पराभव झाला, त्याचे डोळे काढले गेले आणि जानेवारी १६२८ मध्ये इतर चार राजपुत्रांबरोबर त्याला ठार मारण्यात आले. लाडली विधवा झाली, आईच्याच वाटेने.

शहाजहानने नूरजहानला वर्षाला दोन लाख रुपये तनखा लावून दिला. ती लाहोरला मुलीसह अठरा वर्षे जगली. पांढरी वस्त्रे, साधे राहणे, राजकारणाचे नाव नाही. डिसेंबर १६४५ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, ती निवर्तली. रावीपलीकडे शहादऱ्याला जहांगीराची भव्य कबर तिच्याच बागेत आहे. तिच्या शेजारी आसफखानाची. नूरजहानची कबर थोडी दूर, आणि तीत तिच्या बाजूला लाडली. शीख राजवटीत तिच्या कबरीचे संगमरवर काढून नेले गेले, आणि इंग्रजी अमलात रेल्वेचा रूळ असा टाकला गेला की नवरा आणि भाऊ रुळाच्या एका बाजूस राहिले, आणि मायलेकी दुसऱ्या.

तिच्या आयुष्यात दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही. नाकर्त्या जावयासाठी तिने कर्त्या राजपुत्राला दुखविले, कर्तबगार सेनापतीला डिवचले, आणि त्याची किंमत हजारो शिपायांनी आणि अखेर तिच्या मुलीनेच मोजली. मुलीच्या सुखाची तजवीज करताना मुलीचे कपाळ आईच्या हातून पुसले गेले, यापरती शोकांतिका कोणता कादंबरीकार लिहिणार? आमच्या सौभाग्यवतींनी हे टिपण वाचल्यावर एवढेच म्हटले की लाडलीला कोणी विचारले होते का? यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. इतिहासातही ते नाही.

शेवटी एक विनंती. आग्र्यास असताना पंजाब मेलने गावाकडचे पाहुणे येत. भुसावळ सोडून बऱ्हाणपूर ओलांडताना मुमताजमहल तेथे १६३१ साली वारली, हे त्यांना ठाऊक नसे, पण ताज पाहण्याची घाई मात्र असे. आम्ही ताज दाखवीत असू. नंतर हट्टाने पूल ओलांडून यमुनेच्या डाव्या काठावरच्या इतिमाद-उद्-दौलाच्या कबरीकडे नेत असू. ती नूरजहानने १६२२ ते १६२८ या वर्षांत आपल्या आईबापांसाठी बांधविली. पांढऱ्या संगमरवरात रंगीत दगडांची अशी नाजूक जडावाची कलाकुसर ताजच्या आधी तेथे दिसते. आत शेजारी शेजारी दोन पिवळसर कबरी आहेत: इराणातून दोन खेचरांवर निघालेला नवरा आणि वाटेत बाळंत झालेली बायको. गर्दी नसते, आवाज नसतो. आमची आई गावी वारली तेव्हा तिकीट मिळून आम्ही पोचेपर्यंत सारे आटोपले होते. परत आल्यावर एका रविवारी आम्ही तेथे जाऊन बराच वेळ बसलो होतो. आईबापांना परक्या मातीत इतक्या मायेने जागा करून देणारी लेक त्या दिवशी आम्हांला बादशहाच्या बेगमेपेक्षा मोठी वाटली. आपण आग्र्यास गेलात तर ताज अवश्य पाहा. पण एक तास राखून ठेवून पूल ओलांडा.